सासूचा डोह

नानांच्या वडिलांचा एक नियम होता: पाहुण्याला मासा दाखवावा, जागा दाखवू नये. पाहुणा आज आपल्या नावेत बसतो, उद्या स्वतःची नाव घेऊन येतो आणि परवा सगळं गणगोत घेऊन येतो. तेव्हा त्यानं विचारलंच, की बाबा तुमची ती खास जागा कुठली, तर ताकास तूर लागू द्यायची नाही. जो डोह समोर येईल त्याच्याकडे बोट करायचं आणि म्हणायचं, हीच ती.

नानांनी हा नियम तेहतीस वर्षं पाळला, आणि वडिलांपेक्षा जास्त हौसेनं पाळला. धंदा साधा होता. सकाळी वरच्या धक्क्यावर रबरी नाव पाण्यात टाकायची, दोन-तीन पाहुणे बसवायचे आणि खालच्या धक्क्यापर्यंत चौदा किलोमीटर नदी नेईल तसं वाहत यायचं. वल्ही नुसती वळवण्यापुरती. पाहुणे दोन्ही बाजूंना गळ टाकून बसायचे आणि नाना त्यांना गोष्टी सांगायचे. त्यांतली सगळ्यात गाजलेली गोष्ट सासूच्या डोहाची. हाताएवढे मासे, पाणी असं शांत की डोळा लागावा, आणि जागा फक्त नानांना ठाऊक.

हे नाव जन्मलं नानांच्या स्वयंपाकघरात. नवीन लग्न झालेलं. नानांनी एका दुपारी दोन जबरदस्त मासे आणून ओट्यावर टाकले आणि बायकोनं विचारलं, कुठे मिळाले? आई तिथेच बसली होती. नाना म्हणाले, सासूच्या डोहात. वरून शांत, पण खाली कुणाला ओढून नेईल सांगता येत नाही. बायको तोंडावर हात दाबून हसली, आणि आईनं दोन दिवस दोघांशी अबोला धरला. विनोद घरातला होता तो नदीवर गेला, आणि नदीवरून पाहुण्यांबरोबर कुठे कुठे गेला.

पाहुणे मग डोह दाखवाच म्हणून हट्ट करायचे. नाना दाखवायचे. कुणाला दुसऱ्या वळणाचा, कुणाला बेटामागचा, कुणाला ओढा मिळतो तिथला. मासा लागला नाही तर म्हणायचे, आज सासूबाईंचा मूड नाही. खोटं बोलण्यातही त्यांची एक शिस्त होती. खोटी जागा कधी ठळक खुणेपाशी सांगायची नाही. पूल, देऊळ, विजेचा खांब यांच्याजवळ सांगितलं तर माणूस परत येऊन नेमका तिथे गळ टाकतो, आणि चार दिवसांत आपलं पितळ उघडं पडतं. खोटं नेहमी अशा ठिकाणी ठेवावं, जिथे एक वळण दुसऱ्यासारखं दिसतं.

सुरुवातीला नदीवर सहा नावा होत्या. आता सुट्टीच्या दिवशी तीनशे. शिवाय ट्यूबा. गाडीच्या चाकातल्यासारख्या पण चौपट मोठ्या, नारिंगी, आणि प्रत्येकीत एक माणूस पाय वर करून बसलेला. गळ टाकला तर माशाऐवजी कुणाची तरी टोपी लागते अशी अवस्था. आणि फोनवरच्या नकाशात कुणीही यावं आणि खूण टोचून जावं. त्या नकाशात सासूचा डोह पाच ठिकाणी होता. पाचही ठिकाणी फोटो, पाचही ठिकाणी तारे. नानांना पहिल्यांदा कुणी ते दाखवलं तेव्हा त्यांना हसताना ठसका लागला होता.

त्या दिवशी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी नाना खालच्या धक्क्यावर नावेतली हवा सोडत होते, तेव्हा बायकोचा फोन आला.

तेहतीस वर्षांत ती नदीवर कधी आली नव्हती. काय आहे तिथे, चिलटं आणि ओले कपडे, असं नानाच म्हणायचे, म्हणून ती कधी निघालीच नाही. पण शेजारणीला ट्यूबवाल्याकडची दोन फुकट तिकिटं मिळाली होती आणि दोघी सकाळी हसत हसत गेल्या होत्या. नानांनी तिला टोपी घे एवढंच सांगितलं होतं.

"अहो, मी सासूच्या डोहाशी आहे," ती म्हणाली. मागे लोकांचा गलका होता. "ट्यूब वाहून गेली. पाय मुरगळलाय, टेकतच नाही. फोन भिजलाय, बंद पडेल. तुम्ही या."

"बरं, आलोच," नाना म्हणाले, आणि फोन गेला. त्यांनी परत लावला तर बंद.

नाना गाडीच्या दिशेनं सात-आठ पावलं चालले आणि थांबले. कुठे जायचं? त्यांनी मान वळवून नदीकडे पाहिलं, जणू नदीच सांगणार होती. पाहुण्यांनी विचारलेला प्रश्न आज पहिल्यांदा त्यांच्याच पुढ्यात पडला होता: सासूचा डोह नक्की कुठला?

आणि वेळ मोजकाच होता. रोज पाच वाजता वरच्या धरणातून विजेसाठी पाणी सोडतात. पावणेपाचला भोंगा होतो, आणि सव्वापाचपर्यंत नदीतली सगळी गोट्यांची बेटं आणि खालचे काठ छातीभर पाण्याखाली जातात. पाय धड असलेला माणूस दहा पावलं वर चढतो आणि गंमत बघतो. पाय न टेकणारा माणूस काय करतो, हा विचार नानांनी पुरा केला नाही.

धक्क्यावर नदीरक्षकांची पत्र्याची खोली होती. आत भिंतीवर नदीचा नकाशा, खिळ्यांना लटकलेली ओली जाकिटं, एक कोमट किटली आणि एक खरखरणारं वायरलेस. रक्षक म्हणजे सत्तावीस वर्षांची एक मुलगी, शिट्टी गळ्यात, दिवसभर ओरडून घसा बसलेला. नाना आत शिरले तेव्हा शेजारीण आधीच तिथे टॉवेल गुंडाळून बसली होती आणि ट्यूबवाला तिला समजावत होता.

"मला वाटलं ती पुढे गेली," शेजारीण म्हणाली. "सगळ्या ट्यूबा सारख्याच हो. मी तासभर दुसऱ्याच बाईशी गप्पा मारत आले."

"एकतीस सोडल्या, एकतीस परत आल्या," ट्यूबवाला म्हणाला. त्यानं ट्यूबा मोजल्या होत्या, माणसं मोजली नव्हती. नानांच्या बायकोची रिकामी ट्यूब कुणीतरी वाटेत धरली होती आणि तिच्यात आपला बर्फाचा डबा ठेवून खाली आणली होती. हिशेब अगदी चोख जुळला होता.

नानांनी फोनवरचं बोलणं सांगितलं. रक्षक मुलीनं लगेच फोनवरचा नकाशा उघडला, आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काका, इथे पाच दाखवतंय. यातला कुठला?"

आता खोलीत दाटी झाली होती. बातमी कळून तीन-चार नाववाले दारात आले होते. त्यांतला एक म्हणाला, बेटामागचा. दुसरा म्हणाला, छे, ओढ्याजवळचा, नानांनी मला स्वतः दाखवलाय. तिसऱ्यानं सहावीच जागा सांगितली, जी नकाशात नव्हती. मग तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि नंतर सगळ्यांनी मिळून नानांकडे पाहिलं.

"काका?"

"यातला एकही नाही," नाना म्हणाले. "हे मी असंच सांगितलेलं. धंद्यात सांगावं लागतं."

कुणी हसलं नाही. एरवी हसले असते, पाठीवर थापही मारली असती. रक्षक मुलीनं पेन्सिल खाली ठेवली.

"मग काकूंना कुठला सांगितलाय?"

नानांनी आठवून पाहिलं. त्यांना आठवेना. तेहतीस वर्षांत शेकडो माणसांना सांगितलं, कुणाला काय ते ओठांवर असायचं. पण बायकोला काय सांगितलं होतं? ओट्यावरचे मासे आठवत होते, आईचा वाकडा चेहरा आठवत होता, बायकोचं ते दाबलेलं हसू आठवत होतं. त्यापुढे तिनं विचारलं असणार, कुठे आहे तो? आपण काहीतरी सांगितलं असणार. काय?

एवढं मात्र त्यांना नक्की वाटत होतं, की खरं सांगितलं नसणार. कारण तिचा धाकटा भाऊ त्याच वर्षी नाव घेऊन नदीवर उतरला होता. बायकोला सांगायचं म्हणजे मेहुण्याला सांगायचं. इतके काही नाना बावळट नव्हते.

"बरं, मूळचा खरा कुठे आहे?" मुलीनं विचारलं. "तिथेही नाव पाठवते."

दारातल्या माना जरा पुढे आल्या. आल्या म्हणजे नकळतच आल्या, वाईट मनानं नाही. पण नानांना त्या दिसल्या, आणि तेहतीस वर्षांची सवय त्यांच्या जिभेवर येऊन बसली.

"तो तिला ठाऊकच नाही," ते म्हणाले. "तिथे जाण्यात अर्थ नाही. वेळ फुकट जाईल."

हे बोलताना त्यांना ते खरंच वाटत होतं. मुलीनं वायरलेस जवळ ओढलं. पाणी थांबवा म्हणून आधी धरणावर फोन लावला, तर तिथला माणूस म्हणाला, साहेबांना विचारून सांगतो, आणि साहेब जेवायला गेले होते. तिनं गस्तीची नाव वरून, बेटाशी नदी दुभंगते तिथल्या डाव्या फाट्यानं सोडायला सांगितली, कारण नकाशातल्या दोन खुणा तिकडे होत्या. नाववाल्यांना उरलेल्या जागा वाटून दिल्या. बिचारे लगेच पळाले. आपल्याला बनवलं होतं हे कळल्यावरही पळाले, हे नानांना फार लागलं.

तेवढ्यात मेहुणा आला. मासेमारीच्या सहली त्यानं कधीच सोडल्या होत्या. आता तो गाड्या पोचवायचा. पाहुणे वरच्या धक्क्यावर गाडी लावून नावेत बसतात, किल्ली पुढच्या डाव्या चाकावर ठेवतात, आणि ते वाहत येईपर्यंत हा त्यांची गाडी खालच्या धक्क्यावर आणून ठेवतो. गर्दी वाढली तसं त्याचं बरं चाललं होतं. त्याच्या खिशात नेहमी लोकांच्या किल्ल्या वाजत असायच्या.

"भावोजी, सासूचा डोह ना? मला माहीत आहे," तो म्हणाला. "ताईनंच सांगितला होता मला. मोडक्या पुलाच्या खांबाशी. चला, जीप काढतो."

नानांच्या जिवात जीव आला. म्हणजे बायकोला आपण पूल सांगितला होता तर. असेल. असेलच. त्यांनी मुलीला ओरडून सांगितलं आणि जीपमध्ये चढले.

नदीकाठच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या होत्या आणि मधून माणसं ट्यूबा डोक्यावर घेऊन चालली होती. मेहुण्यानं हॉर्नवरचा हात काढला नाही. पाच किलोमीटरला पस्तीस मिनिटं लागली. पुढच्या खणात किल्ल्यांचा ढीग खुळखुळत होता, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली.

"मी तिला खोटं सांगितलं होतं," नाना मधेच म्हणाले. "तुझ्यामुळे."

"माझ्यामुळे?"

"ती तुला सांगेल म्हणून."

मेहुण्यानं समोरच्या माणसाला हॉर्न दिला. "सांगितलं की तिनं. मीच मागे लागलो होतो. दोन महिने लागलो होतो. मग एकदा म्हणाली, कुणाला सांगणार नसशील तर सांगते."

नानांना त्या वेळी नुसती लाज वाटत होती, दुसरं काही नाही. बायकोला बनवलं, तिच्याकरवी मेहुण्याला बनवलं, आणि आज तीच बाई त्या बनावाच्या जागी पाय धरून बसली आहे. हातानं केलं ते असं फिरून येईल हे वडिलांनी सांगितलं नव्हतं.

जुना पूल पुरात गेला होता, त्याचा एकच खांब पात्रात उभा होता. सव्वाचार वाजले होते. दोघं उतारावरून धावले. खांबाला प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या, शेवटच्या काही ट्यूबा रेंगाळत चालल्या होत्या. नानांनी हाका मारल्या. ट्यूबांमधल्या दोघातिघांनी हौसेनं हात हलवले. बायको नव्हती. काठानं वर पाहिलं, खाली पाहिलं. नव्हती.

"इथेच," मेहुणा म्हणाला. त्यालाही आता धाप लागली होती. "खांबापासून वीस हात खाली, उजव्या काठाला. मी बारा वर्षं इथे गळ टाकलाय भावोजी. पाहुणे आणायचो. बोटाएवढे मासे. मला वाटायचं माझ्याच हाताला यश नाही. शेवटी सोडलं."

नाना त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोक्यात काहीतरी जुळत नव्हतं, आणि काय जुळत नाही तेही कळत नव्हतं. खांब. वीस हात खाली.

"तिनं हेच सांगितलं? खांबापासून?"

"आईची शपथ घेऊन."

"मी असं सांगणार नाही," नाना हळूच म्हणाले.

"म्हणजे?"

"मी खोटी जागा खुणेजवळ सांगत नाही. कधीच नाही. पुलाचा खांब आंधळ्यालाही सापडतो. हे माझं खोटं नाही रे. असं कच्चं खोटं कुणी नवशिकाच बोलेल."

मेहुण्याला एकदम काही समजलं नाही. "मग ताईला ही जागा कुणी सांगितली?"

"कुणीच नाही. तिनं तुला बनवून सांगितली."

"मला? का?"

नाना उत्तर देणार होते, पण ते उत्तर त्यांच्या स्वतःच्याच अंगावर आधी आलं. बाई सख्ख्या भावाला आईची शपथ घेऊन खोटं कशासाठी सांगेल? तिच्याजवळ राखायला काही असेल तर. आणि राखण्यासारखी एकच जागा या नदीवर होती. म्हणजे आपण तिला खरं सांगितलं होतं. कधी? कसं? त्यांना ठार आठवत नव्हतं, आणि तरी दुसरं काही असूच शकत नव्हतं.

नानांनी रक्षक मुलीला फोन लावला. बोलताना मेहुणा शेजारी उभा आहे हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. "पोरी, खरा डोह उडीच्या दगडाखाली आहे. बेटाच्या उजव्या फाट्यात. ती तिथे आहे."

पलीकडे नुसती खरखर झाली. मग मुलगी म्हणाली, "काका, नाव वीस मिनिटांपूर्वीच डाव्या फाट्यानं खाली आली. आता प्रवाहाच्या उलटी वर चढणार नाही. तेव्हा का नाही सांगितलंत?"

नाना जीपकडे धावले. मेहुणा जागेवरच होता. तो त्या वीस हात खालच्या पाण्याकडे बघत होता. बारा वर्षं, असं काहीतरी त्याच्या तोंडून निघालं. मग त्यानंही जीपकडे धाव घेतली आणि नानांच्या आधी स्टिअरिंगवर बसला.

उडीचा दगड तिथून तीन किलोमीटर वर. नाना आठ वर्षांत तिकडे फिरकले नव्हते. एका सकाळी आपल्या डोहावर गेले, तर दगडावरून दहा-बाराजण पाण्यात उड्या टाकत होते आणि गाणी कर्ण्यावर चालू होती. मासा औषधाला उरला नव्हता. कुणाला न सांगताही जागा गेलीच. त्या दिवसापासून त्या वळणाला नाव तिथल्या उड्यांवरून पडलं आणि नाना तो फाटा टाळून डाव्या अंगानं वाहू लागले.

रस्ता संपतो तिथल्या लाकडाच्या वखारीशी जीप सोडावी लागली. पुढे पायवाट. मेहुण्यानं मागच्या सीटखालून गाडी ओढायचा दोर काढून खांद्यावर घेतला. अर्ध्या वाटेत भोंगा वाजला, लांबलचक. एकसष्टीचे नाना झाडांना धरून धरून उतारावरून घसरत निघाले. ती तिथे नसली तर? आता आणखी कुठली जागा? तिसऱ्यांदा चुकायला वेळच नव्हता.

उड्या मारणारी गर्दी केव्हाच गेली होती. काठावर बाटल्या आणि एक चप्पल. आणि पाण्यात, उडीच्या दगडाखालच्या एका चपट्या दगडावर, अंगाला दोन माप मोठं नारिंगी जाकीट घालून नानांची बायको बसली होती. दोन्ही हातांनी उजवा घोटा धरलेला. तिनं वर पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य मुळीच नव्हतं.

पाच वाजून गेले होते, पाणी सुटलं होतं. दगड आणि काठ यांच्यामध्ये एरवी घोट्याएवढं असतं, ते नाना उतरले तेव्हा गुडघ्यावर आलं होतं आणि दगडापर्यंत पोचेपर्यंत मांडीला लागलं. मेहुण्यानं दोराचं एक टोक झाडाला गुंडाळलं होतं आणि दुसरं नानांच्या कमरेला होतं. नानांनी बायकोला काखेत धरून उठवलं. ती जड होती, जाकिटानं आणखी जड झाली होती, आणि पाणी दोघांना सारखं खाली ओढत होतं. दोनदा नानांचा पाय सुटला. दोनदा मेहुण्यानं वरून दोर ताणला. काठाच्या मुळांना हात लागला तेव्हा कुठे नाना थांबले.

मागे वळून पाहिलं तर चपटा दगड दिसत नव्हता.

"किती वेळ लावलात," बायको म्हणाली. रागावली नव्हती. थंडीनं दात वाजत होते. "दोन घोळक्यांनी विचारलं मला, काकू, आमच्याबरोबर चला. मी म्हटलं, नको बाई, हे येताहेत. त्यांना जागा माहीत आहे."

नाना कमरेचा दोर सोडवू लागले.

"मी उतरले कशाला, सांगू? मला ओळखूच आली जागा. तुम्ही सांगितली होती तशीच. चपटा दगड, त्याच्यामागे वाकलेलं झाड, आणि पाणी मधे गोल फिरतं. सासूबाईंनी मला रडवलं होतं त्या दिवशी तुम्ही ओट्यावर सांडलेल्या पाण्यात बोटानं काढून दाखवलं होतं. म्हणाला होतात, हे कुणाला माहीत नाही, तुला सांगतोय. म्हटलं, एवढी वर्षं नुसती ऐकतेय, एकदा उभी तर राहू. उतरले आणि घसरले."

नानांनी आठवायचा जिवापाड प्रयत्न केला. ओटा, सांडलेलं पाणी, आपलं बोट. काही केल्या दिसेना. एखाद्या परक्या भल्या माणसाची गोष्ट ऐकावी तसं ते ऐकत होते, आणि तो माणूस त्यांना आपलासा वाटत नव्हता.

"पण इतका वेळ का?" तिनं पुन्हा विचारलं. "रस्त्याला गर्दी होती का?"

गर्दी होतीच. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं, आणि ते खोटंही झालं नसतं. वर मेहुणा झाडाचा दोर सोडत होता. नानांनी त्याच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"आधी दुसरीकडे शोधलं."

"दुसरीकडे कुठे?"

"मी लोकांना जिथे जिथे खोटं सांगितलंय तिथे माणसं धाडली. मी पुलाच्या खांबाशी गेलो. मला वाटलं, तुलाही त्यातलंच काहीतरी सांगितलं असेल. खरी जागा विचारली होती त्यांनी मला. मी सांगितली नाही."

तिच्या दातांचा आवाज थांबला. नानांच्या गळ्यात टाकलेला हात तिनं काढून घेतला आणि एका पायावर, मुळाला धरून, ती उभी राहिली.

"मी माझ्या भावाला खोटं सांगितलं," ती म्हणाली. "आईची शपथ घेऊन. बारा वर्षं तो रिकाम्या हातानं घरी यायचा, आणि मी बघायची."

वरचा दोर हलायचा थांबला. मेहुण्यानं ऐकलं होतं. तो म्हणाला, "ताई, आधी वर ये. पाणी चढतंय."

तिनं पाय टेकवून पाहिला. टेकेना. चढ तीस-चाळीस पावलांचा होता आणि पाणी मुळांपर्यंत आलं होतं. नानांनी खांदा पुढे केला. तिनं खांद्याला हात लावला नाही. त्यांच्या शर्टाची बाही मुठीत धरली, आणि ती बाही उसवत गेली तरी तशीच धरून, एकेक उडी मारत ती वर चढू लागली.